बोटांवर आलेला आळ : साठीनंतर व्हायोलिन हाती घेतलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रकरण अभ्यास

साठी उलटल्यावर व्हायोलिन शिकायला घेणारे पुष्कळ जण वर्ष-दीड वर्षात ते खाली ठेवतात. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "बोटं आता वळत नाहीत." ऐकणारे मान डोलावतात, कारण ते पटण्यासारखं असतं. वय झालं, सांधे आखडले, झालं. एका विद्यार्थिनीचं प्रकरण मी इथे सविस्तर मांडतो आहे, कारण तिच्या बाबतीत हा बोटांवरचा आळ तपासून पाहता आला, आणि तो बऱ्याच अंशी खोटा निघाला. लिहायला त्यांची संमती आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

त्यांना मी काकू म्हणतो, इथेही तेच म्हणेन. वय ६३. सगळी नोकरी हिशेबाच्या कामात गेली. लहानपणी काही वर्षं गाणं शिकल्या होत्या, पुढे संसारात ते सुटलं, पण कान राहिला. रेडिओवर गाणं लागलं आणि गायक किंचित उतरला तर त्यांच्या कपाळावर आठी येते. निवृत्तीनंतर त्यांनी व्हायोलिन घेतलं, काही महिने एका वर्गाला गेल्या, मग घरीच व्हिडिओ पाहून शिकत राहिल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा वर्षाहून जास्त काळ झाला होता, आणि शिकायचं की सोडायचं एवढंच त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं.

तक्रार

त्यांची तक्रार नेमकी होती. उघड्या तारा बऱ्या वाजतात, पण बोट ठेवलं की सूर लागत नाही. बोट जरा वर-खाली सरकवूनही लागत नाही. पट्टीवर, म्हणजे फिंगरबोर्डवर, त्यांनी रंगीत चिकटपट्ट्या लावल्या होत्या. बोट बरोबर चिकटपट्टीवर टेकलं तरी आवाज कणसूरच. डाव्या हाताचा अंगठा दुखतो, पहिल्या बोटाच्या, म्हणजे तर्जनीच्या, टोकाला तार रुतते, आणि अर्ध्या तासानं मानेची डावी बाजू धरते. "सर, माझ्या बोटांत आता राम राहिला नाही. स्पष्ट सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही," असं त्या म्हणाल्या.

स्पष्ट सांगायला माझ्याकडे तेव्हा काहीच नव्हतं. बोटं वळत नाहीत ही तक्रार खरी असू शकते. संधिवातानं बोटांचे सांधे सुजलेले असले किंवा अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजलेला असला तर डाव्या हाताची कामं खरोखर अडतात, आणि अशा वेळी आधी डॉक्टरांचं मत घ्यायला हवं. काकूंना मी तेच आधी करायला लावलं. तपासणीत अंगठ्याच्या बुडाशी थोडी झीज निघाली, मानेच्या मणक्यांत वयानुरूप बदल निघाले, बोटांचे सांधे मात्र ठीक होते. वाजवायला हरकत नाही, पण एका बैठकीत फार वेळ नको, असा सल्ला मिळाला. बोटांवरचा निम्मा आळ तिथेच सुटला होता, पण काकूंना तो सुटलाय हे कानानं पटायला हवं होतं.

हात वाटून घेतले

व्हायोलिनचा एक सूर दोन हात मिळून काढतात, आणि ऐकणाऱ्याला त्यांतल्या कुणामुळे तो बिघडला हे कळणं अवघड असतं. वाजवणाऱ्याला तर त्याहून अवघड, कारण त्याचं सगळं लक्ष डाव्या हाताकडे असतं. सूर म्हणजे बोटाची जागा, असा समज पक्का झालेला असतो. म्हणून आम्ही दोन हात दोघांत वाटून घेतले.

मी त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहिलो आणि म्हटलं, "काकू, बोट मी ठेवतो. तुम्ही फक्त गज ओढा." व्हायोलिनच्या चार तारा खालच्या सुराकडून वर जी, डी, ए, ई अशा असतात. त्यांतल्या डी तारेवर तिसऱ्या बोटाची जागा मी दाबून धरली. हा सूर जी, खालच्या उघड्या जी तारेच्या बरोबर वरच्या सप्तकातला. जागेबद्दल शंका नको म्हणून मी आधी तार बोटानं छेडून दाखवली. सूर स्वच्छ होता. मग काकूंनी गज ओढला. घोगरा, अर्धवट शिट्टीसारखा आवाज आला, गजाच्या मध्यावर जरा सुधारला आणि टोकाकडे पुन्हा विरला. त्या लगेच म्हणाल्या, "हाही कणसूरच आहे." बोट माझं होतं.

मग उलट केलं. त्यांनी तेच बोट त्याच जागी ठेवायचं, गज मी ओढायचा. पहिल्या गजाला सूर थोडा उतरलेला होता, पण भरीव होता, आणि म्हणूनच किती उतरलाय ते ऐकू येत होतं. काकूंनी बोट आपणहून केसभर पुढे सरकवलं. मी काहीच सांगितलं नव्हतं. सूर जागेवर आला तशी खालची जी तार न छेडता आपोआप घुमू लागली. त्यांनी विचारलं, "हे बोट माझंच ना?"

नवख्या वयस्क विद्यार्थ्याला "तुमचा कान चांगला आहे, बोटंही ठीक आहेत, गज सुधारा" असं शंभरदा सांगून जे पटत नाही, ते या अदलाबदलीत पाच मिनिटांत पटतं. कुणी तरी वाजवणारं सोबत असलं की हा प्रयोग घरीही करता येतो. माझ्या मते कुठल्याही प्रौढ विद्यार्थ्याच्या बाबतीत पट्टीवरच्या खुणा आणि बोटांचे व्यायाम यांच्याही आधी हा व्हायला हवा.

तार आणि गज यांच्यात काय चालतं

गज तारेवर नुसता घासत नाही. राळ लावलेले घोड्याच्या शेपटीचे केस तारेला पकडतात, थोडं ओढून नेतात, ताण वाढला की तार सुटून मागे जाते आणि पुन्हा पकडली जाते. करकरणाऱ्या दाराच्या बिजागरीत जे होतं तेच, फक्त अतिशय नियमित लयीत. उघड्या ए तारेवर ही पकड-सुटका सेकंदाला ४४० वेळा होते. तारेला एक सूक्ष्म कोन पडतो आणि तो तिच्यावरून पुढे-मागे धावत राहतो. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १९व्या शतकात हे दाखवलं, म्हणून या हालचालीला त्यांचं नाव आहे. दर फेरीला एकदा पकड आणि एकदा सुटका हा हिशेब जुळला तरच सूर भरीव आणि निश्चित येतो.

गजाचा भार कमी पडला तर एका फेरीत तार दोन-तीनदा निसटते. मग मूळ सूर विरतो आणि वर शिट्टीसारखा पोकळ आवाज राहतो. भार जास्त झाला तर सुटका उशिरा होते, आवाज फाटतो, आणि फाटण्याआधी सूर किंचित खालीही उतरतो. म्हणजे बोट अचूक जागी असूनही गजामुळे सूर उतरलेला ऐकू येऊ शकतो. काकूंना दोन्ही होत होतं. गज जवळपास ७५ सेंटिमीटर लांब आणि ६० ग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो. मुठीजवळ, म्हणजे गज हातात धरतो त्या टोकाशी, वाजवताना त्याचं बरंचसं वजन आपोआप तारेवर येतं, ते उजव्या करंगळीनं तोलून हलकं करावं लागतं. टोकाकडे जाताना ते जवळजवळ नाहीसं होतं आणि तर्जनीनं थोडं भरावं लागतं. काकूंची मूठ दोन्हीकडे सारखीच आवळलेली होती. त्यामुळे मुठीकडे सूर दबत होता, टोकाकडे निसटत होता, आणि त्या बिचाऱ्या डाव्या हाताची बोटं वर-खाली करत तो सूर शोधत होत्या.

या विषयात सी. व्ही. रामन यांनी फार मोलाचं काम केलं आहे हे संगीत शिकणाऱ्यांपर्यंत पोचायला हवं. प्रकाशावरच्या कामासाठी नोबेल मिळण्याच्या पुष्कळ आधी, १९१८ साली, त्यांनी गजानं वाजणाऱ्या तारांच्या कंपनांवर सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला. पुढे यंत्रानं व्हायोलिन वाजवून, सूर धरून ठेवायला गजाचा कमीत कमी किती दाब लागतो आणि तो गजाच्या वेगाप्रमाणे व जागेप्रमाणे कसा बदलतो, हे मोजलं. १९७३ साली जॉन शेलेंग यांनी त्याचा नकाशाच मांडला : गज ब्रिजच्या, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या लाकडी घोडीच्या, जितका जवळ, तितका दाब जास्त लागतो आणि चुकायला जागा कमी उरते, ब्रिजपासून दूर गेलं की थोड्या दाबातही सूर धरतो आणि चुकांना मोकळीक मिळते. नवख्याला गज ब्रिज आणि पट्टी यांच्या मधोमध ठेवायला सांगतात त्याचं शास्त्रीय कारण हे आहे.

मी हे काकूंना कागदावर काढून दाखवलं. लहान मुलांना हे सांगून उपयोग नसतो, त्यांना करून दाखवावं लागतं. काकूंनी मात्र ते घरी नेलं आणि वहीत तीन रकाने पाडले : वेग, भार, जागा. प्रत्येक सुरानंतर कोणता रकाना चुकला याची खूण करायची. मी हे सांगितलेलं नव्हतं. आयुष्यभर ताळेबंद जुळवलेल्या माणसानं आपली रीत इथे आणली होती. प्रौढ वयाचा विद्यार्थी मेहनतीत लहान मुलाच्या मागे पडेलही, पण चूक कुठल्या खात्यात टाकायची हे कळलं की तो तिचा पाठपुरावा फार चिकाटीनं करतो.

चूक त्यांना ऐकू का येत नव्हती

इतका तयार कान असताना गज निसटतोय हे काकूंना वर्षभर कळलं कसं नाही, हा प्रश्न मला सर्वांत जास्त सतावत होता. त्याची दोन कारणं सापडली.

पहिलं म्हणजे म्यूट. घरच्यांच्या विश्रांतीत व्यत्यय नको म्हणून त्या सुरुवातीपासून ब्रिजवर रियाजाचा जड धातूचा म्यूट लावूनच वाजवत होत्या. म्यूट ब्रिजचं वजन वाढवतो, त्यामुळे आवाज कमी होतोच, पण वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारे उंच सूर, जास्त कापले जातात. गज नीट पकडतोय की निसटतोय हे सांगणारी खरखर, शिट्टी, चमक सगळी त्या वरच्या भागातच असते. त्यांना उरलेला गुळगुळीत, बोथट आवाज ऐकू येत होता, आणि तो बिघडला की फक्त "सूर गेला" एवढंच कळत होतं.

दुसरं कारण वयाशी निगडित आहे, आणि त्याबद्दल विद्यार्थी लाजून बोलत नाहीत. वाढत्या वयात ऐकू कमी येऊ लागतं ते आधी उंच कंपनसंख्यांच्या बाबतीत. काकूंच्या श्रवणचाचणीतही तेच निघालं : वरच्या टोकाला दोन्ही कानांत घट, डाव्यात थोडी जास्त. यात दिलासा असा की व्हायोलिनच्या पहिल्या पोझिशनमधले, म्हणजे डावा हात खुंट्यांजवळ ठेवून वाजणारे, सगळे मूळ सूर १९६ हर्ट्झपासून, म्हणजे उघड्या जी तारेपासून, ई तारेवरच्या चौथ्या बोटाच्या ९८८ हर्ट्झपर्यंतच येतात. सूर चढा की उतरता हे ओळखण्याची ताकद त्या टापूत शाबूत होती. गजाची फुसफुस मात्र बरीच वर असते, आणि नेमकी तीच त्यांना अंधुक ऐकू येत होती. सुराची पारख पक्की, आणि गजाची खबर देणारा दूतच गैरहजर, अशी ही स्थिती.

म्हणून ती खबर कानाऐवजी स्पर्शातून मिळवायची असं ठरवलं. गज तारेवर टेकवायचा, न वाजवता जागच्या जागी किंचित हलवायचा आणि केसांनी तार पकडल्याचं उजव्या अंगठ्यात जाणवू द्यायचं. ती पकड जाणवली की मगच गज सोडायचा. सुरुवातीला "क" उच्चारल्यासारखा छोटा ठोका यायला हवा. पुढे लांब गज ओढताना ती पकड टोकापर्यंत अंगठ्यात राहते का पाहायचं. जोडीला जबडा : चिनरेस्टवर, म्हणजे हनुवटी ठेवायच्या आधारावर, टेकलेल्या हाडातून कंपनं थेट आत पोचतात, आणि भरीव सूर व पोकळ सूर यांतला फरक काकूंना तिथे कानापेक्षा लवकर कळू लागला. काही आठवडे आम्ही उघड्या तारांखेरीज काहीच वाजवलं नाही. मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत चार मात्रांचा एक गज, आरशासमोर, गज ब्रिजला समांतर. त्यांना कंटाळा येईल असं मला वाटलं होतं. पण पहिल्यांदाच आपल्या हातून गोल, भरलेला आवाज निघतोय म्हटल्यावर त्या तो सोडायला तयार नव्हत्या.

म्यूट पूर्ण काढला नाही. व्हायोलिन डाव्या कानाच्या अगदी जवळ असतं आणि आधीच घटलेल्या कानाला मोठ्या आवाजापासून जपायला हवं. गजाचं काम विनाम्यूट, थोडा वेळ आणि घरच्यांना सांगून. पाठांतराचं काम रबराचा हलका म्यूट लावून. घरच्यांची काही तक्रार नव्हती, ती धास्ती काकूंचीच होती. ही धास्ती मला जवळजवळ प्रत्येक वयस्क विद्यार्थ्यात दिसते आणि तिचा थेट परिणाम गजावर होतो : कुणी ऐकू नये म्हणून भीत भीत ओढलेला गज तारेवर तरंगतो.

वाद्य, मान, चष्मा

हा भाग कामाचा आहे, पण त्यात गूढ काही नाही. पट्टीच्या वरच्या टोकाला, खुंट्यांजवळ, तारा ज्या खाचांतून येतात तो नट फार उंच होता. त्यामुळे पहिलं बोट दाबायला विनाकारण जोर लागत होता आणि तार रुतत होती. वाद्य दुरुस्त करणाऱ्या जाणकारानं खाचा योग्य खोलीला आणल्या, ब्रिज थोडा उतरवला, आणि जाड पोलादी तारांऐवजी कृत्रिम गाभ्याच्या, कमी ताणाच्या तारा बसवल्या. स्वस्त संचातलं वाद्य पेटीतून काढल्यावर बहुधा अशा अवस्थेतच असतं. नवख्याला वाटतं, दुखणं हा शिकण्याचाच भाग. मी तर म्हणेन, बोट दुखतंय म्हणून आलेल्या प्रत्येकाचं वाद्य आधी तपासावं, हात नंतर.

अंगठ्याचं दुखणं मानेपासून सुरू होत होतं. काकूंची मान लांब आहे. शोल्डर रेस्ट, म्हणजे वाद्याखाली लावायचा खांद्याचा आधार, अगदी खालच्या उंचीवर असल्यानं हनुवटी आणि खांदा यांत पोकळी राहत होती, वाद्य निसटेल म्हणून त्या डाव्या अंगठ्यानं त्याची मान आवळून धरत होत्या, आणि तरी खांदा वर उचलत होत्या. अर्धा किलोच्या आतबाहेरचं वजन, पण ते अंगठ्यावर पेललं की बोटांना मोकळं हलायला वाव उरत नाही. शोल्डर रेस्ट उंच केला, चिनरेस्ट बाजूऐवजी मधोमध बसणारा लावला. डावा हात पूर्ण खाली सोडला तरी वाद्य क्षणभर जागेवर राहिलं पाहिजे, ही कसोटी. ती जमली तसा अंगठा सैल झाला, आणि "न वळणारी" बोटं वळू लागली.

चष्म्याचं मी मुद्दाम लिहितो, कारण ते कुणाच्या लक्षात येत नाही. प्रोग्रेसिव्ह भिंगांत जवळचं वाचायचा भाग खाली असतो. स्टँडवरचा कागद वाचायला काकू हनुवटी वर करत, त्यासरशी वाद्य सरकायचं आणि मान ताणली जायची. स्टँडच्या अंतरासाठी वेगळा एकाच नंबराचा चष्मा करून घेतला, अक्षर मोठं छापलं. मानेची तक्रार निम्म्यावर आली.

पट्ट्या निघाल्या, घुमारा आला

रंगीत पट्ट्यांबद्दल माझं मत ठाम आहे. पहिल्या काही आठवड्यांत त्या हाताला ढोबळ अंदाज देतात, तेवढं ठीक. त्यापुढे त्या नुकसान करतात, आणि चांगला कान असलेल्या प्रौढाचं जास्तच. व्हायोलिनच्या तारेची वाजणारी लांबी सुमारे ३२८ मिलिमीटर. पहिल्या बोटाचा पूर्ण सूर नटपासून साधारण ३६ मिलिमीटरवर येतो. तिथे एक मिलिमीटर चुकलं की सूर सुमारे ६ सेंटांनी हलतो (१०० सेंट म्हणजे अर्धा सूर). २२ सेंटांची प्रमाणश्रुती, म्हणजे आपल्या संगीतातलं सर्वांत लहान श्रुती-अंतर, तिथे पावणेचार मिलिमीटर भरते. बोटाचं टोक टेकतं ती जागाच त्याहून रुंद असते. चिकटपट्टीवर बोट "बरोबर" पडलं याचा अर्थ सूर बरोबर लागला असा होत नाही, आणि सतत पट्टीकडे पाहण्यानं मान डावीकडे वळलेली राहते. काकूंच्या चार पट्ट्यांपैकी पहिल्या बोटाची एक ठेवली, पुढे तीही काढली.

तिच्या जागी घुमारा आला. डी तारेवर तिसऱ्या बोटाचा जी अचूक लागला की उघडी जी तार घुमते. ए तारेवर तिसऱ्या बोटाचा डी लागला की उघडी डी. ई तारेवर तिसऱ्या बोटाचा ए लागला की उघडी ए. नुसतं ऐकू येतं असं नाही, ती शेजारची तार थरथरताना डोळ्यांना दिसते. ज्यांना वरचे स्वरांश कमी ऐकू येतात त्यांना हा मोठाच आधार. काकू आधी तंबोऱ्याच्या अ‍ॅपवर डीला षड्ज धरून तो सूर गात, मग बोट ठेवत, मग शेजारच्या तारेकडे पाहत. गाण्यामुळे बोट ठेवण्याआधीच सूर मनात असे. हे त्यांचं जुनं भांडवल होतं आणि व्हायोलिन शिकताना वर्षभर ते वापरात आलंच नव्हतं, कारण त्या पट्ट्या पाहत होत्या.

तीन आधारसूर असे पक्के झाले की मधल्या सुरांची जागा त्यांच्या अंतरानं बसवता येते. दुसरं बोट तिसऱ्याला चिकटून की दूर, यावरून शुद्ध की कोमल हे हाताला कळू लागतं. इथे वेळ लागला. बोटं वयामुळे खरोखर कुठे मंद आहेत हेही इथेच दिसलं : एका बोटावरून दुसऱ्यावर जाताना, विशेषतः दुसऱ्यावरून चौथ्यावर. ते मी नाकारत नाही. पण ही मंदी लयीची आहे, सुराची नाही, आणि लय कमी ठेवून वाजवता येईल असं संगीत विपुल आहे.

रियाजाची घडी

आधी त्या संध्याकाळी एकच लांब बैठक करत, थकून दुखेपर्यंत. ती मोडून दिवसभरात छोट्या बैठका केल्या, दहा-पंधरा मिनिटांच्या, मध्ये हात गरम ठेवायचा, सकाळी आखडलेल्या बोटांनी चौथ्या बोटाचं काम करायचं नाही. वाद्य पेटीत बंद न ठेवता हाताशी, सुरक्षित जागी. एवढंच. थोडा थोडा, विभागून केलेला सराव सलग सरावापेक्षा जास्त टिकतो हे मान्य तत्त्व आहे, आणि साठीनंतर स्नायूंना विश्रांतीची गरज जास्त असल्यानं ते दुहेरी उपयोगी पडतं.

वाजवायला काय घ्यायचं यावर आमचा थोडा वाद झाला. बालगीतं वाजवायला काकूंनी साफ नकार दिला, आणि मला तो योग्य वाटला. साठ वर्षं चांगलं संगीत ऐकलेल्या माणसाची रुची पाच सुरांच्या बडबडगीतांत रमत नाही. त्यांच्या आवडीच्या संथ चालींतून पाच-सहा सुरांत बसणाऱ्या ओळी निवडल्या. ओळ छोटी, पण ती त्यांना मनापासून हवी असलेली.

जे आलं, जे आलं नाही

साधारण वर्षभरानंतरची स्थिती अशी. पहिल्या पोझिशनमध्ये संथ लयीतल्या चाली काकू सुरेल वाजवतात. लांब गज एकसारखा येतो, टोकाकडे अजून कधी कधी विरतो, पण विरला की त्यांना अंगठ्यात कळतं आणि पुढचा गज त्या सुधारतात. चूक कुणाची हे आता त्या मला विचारत नाहीत. मानेचं दुखणं क्वचित, अंगठ्याचं जास्त वाजवलं तरच.

व्हिब्राटो, म्हणजे बोट डोलवून सुराला दिलेला हलका कंप, आलेला नाही. मनगट मोकळं होतं, पण नियमित लयीत डोलत नाही, आणि त्यासाठी अंगठा पुन्हा आवळला जातो. मी तो सध्या थांबवला आहे. सरळ, स्थिर सुरात मींड घेऊन त्या जे भाव आणतात ते मला पुरेसं वाटतं. तिसऱ्या पोझिशनला जाणं जमतं, परत येताना वाद्य हलतं. वेगवान तुकडे येत नाहीत, आणि त्यासाठी आम्ही वेळही दिलेला नाही. या यादीतल्या किती गोष्टी वयामुळे आणि किती फक्त दोन वर्षांचाच सराव असल्यामुळे, हे मला आज वेगळं करता येत नाही. विशीतल्या विद्यार्थ्यालाही इतक्या काळात व्हिब्राटो बऱ्याचदा येत नाही.

खरी अडचण उरली आहे ती चौथ्या बोटाची. करंगळी जी तारेवर पोचवायला हात ताणला की अंगठ्याच्या बुडाशी दुखतं, आणि तिथे झीज आहे हे आम्हाला माहीत आहे. तूर्त आम्ही चौथ्या बोटाऐवजी जिथे शक्य तिथे उघडी तार घेतो. त्यांच्या हाताचा पंजा लहान आहे, म्हणून सात-अष्टमांश मापाचं व्हायोलिन काही आठवडे वापरून पाहायचं ठरलं आहे. त्यात बोटांमधली अंतरं कमी होतात, आवाजात थोडा फरक पडतो. काकूंना आवाजाची काळजी आहे. आधी दोन्ही वाद्यांवर एकच ओळ वाजवून ध्वनिमुद्रण करू, दुसऱ्या खोलीत बसून ऐकू, आणि मग त्याच ठरवतील.